आधी कान, मग आवाज

‘पहिला रेडिओ कोणता घेऊ?’ हॅम रेडिओच्या वाटेला येणारा जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न घेऊन येतो. कोणी मोबाइलवर एखाद्या वॉकीटॉकीचं चित्र दाखवतो, कोणी लाखाच्या वरच्या यंत्राची जाहिरात. या लेखासाठी पुण्यातल्या आणि कोकणातल्या जुन्या हौशी रेडिओचालकांशी बोललो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापैकी कोणीच लगेच देत नाही. ते उलट विचारतात, ‘बोलायचंय कुणाशी?’ आणि त्याच्याही आधी, ‘कधी ऐकलंयस का?’

मला हा क्रम अगदी बरोबर वाटतो. पहिला रेडिओ ऐकण्याचा असावा. बोलण्याचा रेडिओ त्यानंतर, परवाना हातात आल्यावर, आणि पलीकडे कोण आहे हे कळल्यावर घ्यावा. पैसे वाचतात हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा असा की, आकाशात काय चाललंय हे ज्याला ऐकता येतं, त्याला पुढचं बरंचसं आपोआप येतं.

परवाना काढून, स्वतःच्या यंत्रावरून, कसलाही मोबदला न घेता दुसऱ्या परवानाधारकाशी संपर्क साधणं, एवढंच हौशी, म्हणजेच हॅम रेडिओचं स्वरूप. मधे सिमकार्ड नाही, मोबाइलचा मनोरा नाही, इंटरनेट नाही. आपली तार, त्यांची तार आणि मधलं आकाश.

एरंडवण्यात राहणारे एक निवृत्त अभियंते आहेत. नव्या मुलांचे ते काका. रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेलो, तर कोपऱ्यातल्या टेबलावर रेडिओ सात मेगाहर्ट्झवर लावलेला होता. मीटरच्या भाषेत सांगायचं तर चाळीस मीटरचा पट्टा. आधी नुसती खरखर. मग बदकाने बोलावं तसा एक चिरका आवाज. काकांनी बटण केसभर फिरवलं आणि त्याच आवाजातून स्वच्छ माणूस बोलू लागला. कर्नाटकातले एक गृहस्थ पावसाची हकिगत सांगत होते, केरळातून कोणी त्यांना सिग्नलचा अहवाल देत होतं, मधेच गोव्याहून एक आवाज ‘ब्रेक, ब्रेक’ म्हणत आत शिरला. काका म्हणाले, “हे केसभर फिरवणं आलं पाहिजे. महागडा सेट घेतला तरी ते तुम्हालाच करावं लागतं.”

हा चिरका आवाज सिंगल साइडबँडचा. नेहमीच्या आकाशवाणीच्या प्रक्षेपणात आवाजाच्या जोडीने एक वाहक लहर आणि आवाजाची दुसरी प्रतही पाठवली जाते. हौशी मंडळी वाहक आणि दुसरी प्रत गाळतात, त्यामुळे सगळी शक्ती आवाजाच्या एकाच प्रतीत जाते आणि पट्ट्यात जागाही निम्मी लागते. गाळलेली वाहक लहर ऐकणाऱ्याच्या यंत्राने पुन्हा पुरवायची असते, म्हणून ते बटण नेमक्या जागी आणावं लागतं. घरातल्या जुन्या मर्फी किंवा फिलिप्सच्या सेटवर शॉर्टवेव्ह लागते, पण ही सोय त्यात नसते. ऐकायचा सेट घेताना म्हणूनच त्यावर ‘एसएसबी’ आहे का, हे आधी विचारावं.

शॉर्टवेव्ह इतक्या दूर जाते हे जगाला कळलं, त्यात हौशी मंडळींचा मोठा वाटा आहे, आणि ती गोष्ट आपल्या पुण्याजवळ येऊन पोचते. १९१२च्या अमेरिकी कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याखालच्या तरंगलांबीवर ढकललं. या लांबीच्या लहरी दूरच्या कामाला निरुपयोगी, अशी तेव्हाची तज्ज्ञांची समजूत होती. दूर जायचं तर लांब लहर, प्रचंड मनोरे आणि अफाट वीज हवी, हे गृहीतच होतं. नोव्हेंबर १९२३मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरातून लेओं देलॉय आणि अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधून फ्रेड श्नेल या दोन हौशी चालकांनी ११० मीटरच्या आसपास अटलांटिकच्या आरपार दुहेरी संभाषण केलं. मार्कोनीचेही शॉर्टवेव्हवरचे प्रयोग त्याच सुमारास चालू होते. पुढे चारच वर्षांनी, १९२७मध्ये, भारत आणि इंग्लंड यांच्यात शॉर्टवेव्हची ‘बीम’ तारसेवा सुरू झाली. तिचं प्रक्षेपण केंद्र खडकीला होतं आणि ग्रहण केंद्र दौंडला. दौंड म्हटलं की आपल्याला रेल्वेचं जंक्शन आठवतं. एके काळी इंग्लंडहून निघालेले बिनतारी संदेश तिथे उतरत होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

हे सगळं घडतं ते आयनांबरामुळे. सूर्याच्या किरणांनी वरच्या विरळ हवेतले अणू विद्युतभारित होतात आणि २५०-३०० किलोमीटरवरचा थर शॉर्टवेव्हच्या लहरी खाली वळवतो. दिवसा त्याखाली आणखी एक थर तयार होतो, तो कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो. म्हणून सात मेगाहर्ट्झवर दिवसा काही शे किलोमीटरवरची माणसं भेटतात आणि रात्र पडली की परदेश उघडतो. सूर्यावरच्या डागांचं साधारण अकरा वर्षांचं चक्र यावर राज्य करतं. सध्याचं पंचविसावं चक्र २०२४मध्ये शिखराला होतं. त्या मे महिन्यात लडाखमधल्या हान्लेच्या आकाशात तांबडा प्रकाश दिसला आणि त्याच सौर वादळाने जगभरच्या शॉर्टवेव्हची दाणादाण उडवली. यंत्र बिघडलं की सूर्य बिघडला, हे ओळखायला कान तयार असावे लागतात.

ऐकण्याची सोय आज फार स्वस्तात होते. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातला रेडिओ इंटरनेटवरून कोणालाही फिरवता येतो, त्यावर एक रुपयाही खर्च न करता युरोपचं आकाश ऐकता येतं. पण स्वतःच्या गच्चीवरून ऐकण्याची गोडी वेगळी. त्यासाठी संगणकाला लावायचा पेनड्राइव्हएवढा डोंगल मिळतो. मुळात तो संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठी बनलेला. त्यातल्या चिपमधून कच्चा रेडिओ सिग्नल थेट बाहेर काढता येतो, हे २०१२च्या सुमारास काही खटपट्या लोकांना सापडलं आणि काही हजार रुपयांत घरोघरी प्रयोगशाळा उभी राहिली. पडद्यावर आख्खा पट्टा धबधब्यासारखा खाली सरकताना दिसतो. नवख्याने मी तर हाच घ्यावा म्हणेन.

त्यावर पहिल्यांदा काय ऐकावं? आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जातं आणि त्यावरचा हौशी रेडिओ १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलतो. डोक्यावरून जाताना जेमतेम दहा मिनिटं मिळतात. अधूनमधून तिथून चित्रंही येतात, ती मोबाइलवरच्या साध्या अ‍ॅपने उलगडतात. जुलै २०२५मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर होते, तेव्हा याच मार्गाने भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले. आपल्याकडच्या उपग्रहांचीही परंपरा आहे. ५ मे २००५ रोजी इस्रोने सोडलेला हॅमसॅट नऊ वर्षं जगभरच्या हौशी मंडळींनी वापरला. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला जेमतेम एक किलोचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी वर गेला. तोही हौशी पट्ट्यातच बोलत होता.

आता परवाना. तो दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो. वयाची अट किमान बारा वर्षांची, शिक्षणाची पदवी लागत नाही. त्याच्या श्रेणींपैकी रिस्ट्रिक्टेडला मोर्सची ठिपके-रेघांची लिपी लागत नाही, जनरलला लागते. रिस्ट्रिक्टेडच्या कॉलसाइनची, म्हणजे चालकाच्या ओळखसंकेताची, सुरुवात ‘व्हीयू३’ने होते आणि ५० वॉटपर्यंत शक्ती वापरता येते. जनरलची ‘व्हीयू२’ने होते आणि मर्यादा ४०० वॉट. परीक्षेत ओहमच्या नियमापासून अनुनाद, मॉड्युलेशन आणि अँटेनापर्यंतचा अभ्यास असतो, आणि दुसऱ्या भागात नियम. दहावीच्या विज्ञानाचा पाया पक्का असेल, तर दोन-तीन महिन्यांच्या अभ्यासात हे सहज जमतं. या वाहिनीवर धंदा करता येत नाही, गाणी वाजवता येत नाहीत, गुप्त लिपी वापरता येत नाही. नियम बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी खात्याचा ताजा मजकूर वाचावा.

परवान्याचा हा काच नव्यांना जाचतो. त्यामागचा इतिहास मात्र समजून घ्यावा. १९३९मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश सरकारने हौशी परवाने रद्द केले, यंत्रं जमा करायला लावली. १९४२च्या ऑगस्टमध्ये मुंबईतून उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर चालवला. त्याचा ट्रान्समीटर नरिमन प्रिंटर या रेडिओ तंत्रज्ञाने जुळवला होता. दर थोड्या दिवसांनी जागा बदलत तो नोव्हेंबरपर्यंत पोलिसांना चुकवत राहिला. एका माणसाने जुळवलेला ट्रान्समीटर साम्राज्याला हैराण करू शकतो, हे तेव्हाच सिद्ध झालं. स्वातंत्र्यानंतर, १९४८मध्ये, महू इथल्या लष्कराच्या सिग्नल्स शाळेत हौशी मंडळींचा देशव्यापी क्लब स्थापन झाला, तीच आजची अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया.

म्हणून एक गोष्ट ठासून सांगतो. परवान्याआधी प्रक्षेपणाचं यंत्र विकत घेऊ नका. ऑनलाइन दुकानांत वॉकीटॉकी खेळण्यासारख्या मांडलेल्या असत. त्यांतल्या कित्येकांना परवानगीच नव्हती. २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने या विक्रीवर खास मार्गदर्शक तत्त्वं लागू केली. चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर एकदा बटण दाबलं, तर पोलिसांच्या, विमानांच्या किंवा रुग्णवाहिकेच्या संदेशात आपण अडथळा होतो.

परवाना आला. आता तो पहिला प्रश्न खरा होतो, आणि उत्तर राहत्या जागेवर ठरतं.

हातातला व्हीएचएफ सेट सगळ्यात स्वस्त, म्हणून बहुतेकांची नजर आधी त्याच्यावर जाते. तो १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालतो आणि या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. सपाट जमिनीवर उभ्या माणसाच्या उंचीवरून रेडिओचं क्षितिज सुमारे पाच किलोमीटरवर असतं. मधे इमारती आल्या की तेही आटतं. तोच सेट घेऊन सिंहगडावर जा. गड पुण्याच्या पातळीपेक्षा साडेसातशे मीटर उंच आहे, तिथून क्षितिज शंभर किलोमीटरच्या पलीकडे सरकतं. पाच वॉटचा तोच सेट, पण माणूस उंचावर गेला. रिपीटर याच तत्त्वावर उंच जागी बसवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा सोडतो. तुमच्या शहरात चालू रिपीटर आणि त्यावर बोलणारी माणसं असतील, तर हातातला सेट उत्तम. नसतील तर तो कपाटात जातो. रत्नागिरीजवळच्या एका चालकाने सांगितलं की, त्याचा पहिला सेट असाच वर्षभर मुका पडून होता. समोर समुद्र, मागे सह्याद्री, आणि ऐकायला कोणी नाही.

अशा जागी हाय फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे शॉर्टवेव्हचा सेट घ्यावा. जपानी बनावटीचे शंभर वॉटचे सेट देखणे असतात आणि टिकाऊही, पण नव्या सेटची किंमत लाखाच्या पुढे जाते. शिवाय तेरा-चौदा व्होल्टला वीसेक अँपिअर देणारा वीजपुरवठा लागतो, हा खर्च हिशेबात धरायला बहुतेक जण विसरतात. रिस्ट्रिक्टेडवाल्याला त्यातले पन्नासच वॉट वापरायचे. शक्तीच्या आकड्यांनी भुलू नये. सिग्नल मीटरवरचा एक टप्पा चढायला चौपट शक्ती लागते. दहा वॉटचे शंभर केले तरी पलीकडच्या काट्यावर दोन टप्पेही वाढत नाहीत.

इथे हैदराबादच्या अशहर फरहान यांचं नाव आदराने घ्यायला हवं. २०००नंतरच्या पहिल्या दशकात त्यांनी ‘बिटएक्स’ हा ऐकण्या-बोलण्याचा ट्रान्सीव्हर आखला आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला केला. आयात यंत्रं परवडत नव्हती. परदेशी आराखड्यांतले चुंबकीय गाभ्याचे टोरॉइड आपल्या बाजारात मिळत नव्हते. फरहान यांनी नळाच्या वायसरवर तार गुंडाळून ती अडचण सोडवली. भारतातल्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूवर आधारलेला हा आराखडा जगभर बांधला गेला. पुढे २०१७मध्ये त्यांचा ‘मायक्रोबिटएक्स’ आला. ३ ते ३० मेगाहर्ट्झ, साधारण दहा वॉट, तयार पाट्या, आणि किंमत जपानी सेटच्या लहानशा हिश्शाएवढी. ज्याला सोल्डरिंगची भीती नाही, त्याला मी डोळे मिटून या कुळातला सेट सुचवतो. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कनेक्टर, खोका, माइक सगळं मिळतं. स्वतः जुळवलेल्या यंत्रात बिघाड झाला, तर तो कुठे शोधायचा हे माणसाला ठाऊक असतं.

पण सेटवर जेवढा विचार होतो, त्याच्या पावपटही अँटेनावर होत नाही, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. काकांच्या गच्चीवरची अँटेना म्हणजे घरगुती वायरिंगची तांब्याची तार. सूत्र सोपं आहे. १४३ला मेगाहर्ट्झने भागलं की अर्ध्या लहरीच्या डायपोलची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झला सुमारे वीस मीटर, म्हणजे मधल्या बिंदूपासून दोन्हीकडे दहा-दहा मीटर. मधला बिंदू टाकीच्या वरच्या पाइपला बांधायचा, दोन्ही टोकं नायलॉनच्या दोरीने कठड्याकडे उतरवायची. तार थोडी लांब ठेवून, अँटेना किती जुळली ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर पाहत हळूहळू कापत आणायची.

ही तार फार उंच नाही याचं वाईट वाटून घेऊ नये. सात-आठ मीटर उंचीवरची डायपोल आपली बरीचशी शक्ती सरळ वर फेकते. ती आयनांबरावरून परतून आजूबाजूच्या काही शे किलोमीटरवर उतरते. सह्याद्री मधे येत नाही, कारण लहर डोंगराच्या डोक्यावरूनच येते. चिपळूणहून साताऱ्याशी व्हीएचएफवर बोलणं अवघड, आणि सात मेगाहर्ट्झवर दिवसाउजेडी ते सहज होतं. महाराष्ट्राच्या भूगोलाला ही बुटकी तार फार मानवते.

केबलकडेही लक्ष हवं. बारीक आरजी-५८ केबल शॉर्टवेव्हला चालते. १४५ मेगाहर्ट्झवर मात्र तिच्या तीस मीटरमध्ये शक्तीचा सुमारे तीनचतुर्थांश भाग वाया जातो. सेट पाच वॉटचा घेतला काय नि पन्नासचा, केबल आधी आपला वाटा घेते.

शहरात तारेपेक्षा मोठ्या अडचणी दोन. पहिली सोसायटीची. काका सांगतात, “कमिटीला नियमांचे कागद नंतर दाखवावेत. आधी सगळ्यांना घरी बोलावून रेडिओ ऐकवावा.” दुसरी गोंगाटाची. एलईडी दिवे, स्वस्त चार्जर, इन्व्हर्टर हे सगळे शॉर्टवेव्हवर खरखर ओततात. घरातला मेन स्विच बंद करून बॅटरीवर सेट ऐकला की दोष आपल्या घरातला की शेजारचा, ते कळतं. गोंगाट हटत नसेल, तर एफटी८ हा डिजिटल मार्ग आहे. जोडताऱ्यातल्या पल्सारच्या शोधासाठी नोबेल मिळालेले जो टेलर यांनी स्टीव्ह फ्रँके यांच्यासह २०१७मध्ये तो आणला. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीत, कानाला ऐकूही न येणारा सिग्नल संगणक उलगडतो. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीत ज्या पल्सारांचा अभ्यास चालतो, त्याच शाखेतली दुबळे सिग्नल वेचण्याची विद्या इथे फ्लॅटमधल्या माणसाच्या कामी आली. माणसाचा आवाज ऐकण्याचा आनंद मात्र त्यात नाही, आणि मला तो मोठा तोटा वाटतो.

आणि वळवाचा पाऊस. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग भरून आले की अँटेनाची केबल सेटपासून काढून ठेवावी. ही सवय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे.

संकटकाळात हॅम रेडिओ कामाला येतो, हे वाक्य सगळीकडे असतं. ते खरं कसं ठरतं, हे पाहायला हवं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हौशी चालक आपले सेट आणि बॅटऱ्या घेऊन तिकडे गेले. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद आपल्या गटासह पोर्ट ब्लेअरला हौशी रेडिओच्या मोहिमेवर होत्या. अनेक वर्षांनी अंदमानातून असं प्रक्षेपण होत होतं आणि जगभरचे चालक त्यांचा सिग्नल पकडायला टपले होते. २६ तारखेला जमीन हादरली, मग त्सुनामी आली. टेलिफोन बंद पडले आणि हॉटेलवरचं त्यांचं केंद्र बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीवर पोचवू लागलं. दुबळा आवाज शेकडो आवाजांतून वेचण्याचं काम त्या आधीपासून रोज करत होत्या, म्हणूनच त्या सकाळी ते जमलं. कपाटातून काढलेल्या नव्याकोऱ्या सेटवर हे होत नाही.

काकांकडे त्या रविवारी सोलापूरहून शिकायला आलेली अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी होती. तिने आधी डोंगल घेतला, मग परीक्षा दिली, ‘व्हीयू३’ मिळवलं. वसतिगृहात अँटेनाला परवानगी नाही, म्हणून ती सुट्टीत घरी गेल्यावर अंगणातल्या दोन कडुनिंबांमध्ये डायपोल ताणते आणि किटचा सेट वडिलांच्या मोटारसायकलच्या बॅटरीवर चालवते. पहिल्या संपर्कात काय बोलायचं हे तिने कागदावर लिहून ठेवलं होतं. कॉलसाइन, सिग्नलचा अहवाल, नाव, गाव. “काका, मी नाव सांगायचंच विसरले,” ती म्हणाली. “अगं, सगळेच विसरतात. त्यांनी विचारलं ना?” “हो, मग दोनदा विचारलं.”

आता तिला जनरल व्हायचंय, म्हणून मोर्स चालू आहे. ठिपके-रेघांचा तक्ता पाहायचा नाही, असं काकांनी तिला बजावलंय. अक्षर कानानेच ओळखायचं. प्रत्येक अक्षर वेगात वाजवायचं आणि दोन अक्षरांमधली जागा लांब ठेवायची, म्हणजे मोजायची सवय लागत नाही. रोज वीस मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. जनरलला मिनिटाला आठ शब्द लागतात, ती सध्या पाचावर आहे. ‘क्यू’ आणि ‘वाय’ अजून अडतात.